गावातली पोरं आणि हवामानाचं काम: नाशिक जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात १३ ते १९ वयाच्या पोरापोरींसोबत पाणी, पाऊस, जंगल यावर काम करायचं म्हटलं की शिक्षक, पालक, ग्रामपंचायत सदस्य आणि स्वतः पोरं फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलंय.

लीडर म्हणजे नेमकं कोण? भाषण चांगलं करणारं पोरगं का?

नाही. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. पर्यावरण दिनाला ५ जूनला स्टेजवर "झाडे लावा झाडे जगवा" म्हणणारं पोरगं दरवर्षी मिळतं आणि ६ जूनला ते घरी जातं. आम्ही लीडर त्याला म्हणतो ज्याच्याकडे गावातल्या एखाद्या गोष्टीची नोंद आहे, जी दुसऱ्या कुणाकडेच नाही. पारावर बसलेल्या चार माणसांनी "यंदा विहिरीला पाणी किती रे?" असं त्या पोराला हाक मारून विचारलं की समजा काम सुरू झालं. गावात वय लहान असेल तर मत कुणी विचारत नाही, पण आकडा असला की विचारतात, कारण आकडा शेतकऱ्याच्या उपयोगाचा असतो. बाकी आत्मविश्वास, बोलणं, चार लोकांना सोबत घेणं हे त्याच्या मागून येतंच, त्यासाठी वेगळं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं शिबिर घ्यावं लागत नाही.

नाशिकमध्ये वातावरण बदल म्हणजे काय हे पोरांना कसं सांगायचं? ध्रुवावरचं अस्वल दाखवून काही होत नाही.

अस्वल राहू द्या तिकडेच. निफाडच्या पोराला विचारा की द्राक्षाच्या घडात साखर भरायला लागली आणि पाऊस झाला तर काय होतं, ते स्वतः सांगेल की मणी तडकतात, डावणी (बुरशीचा रोग) येते, घडकूज होते आणि मग फवारणीवर फवारणी, औषधाच्या दुकानात उधारी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट घरातली मोठी माणसं अजून विसरली नाहीत. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तर पोरांनी स्वतः पाहिलेली आहे, बागा झोडपून निघाल्या होत्या. २०२५ च्या मे महिन्यात तर उन्हाळा कुठे गेला तेच कळलं नाही, २६ मेला मान्सून मुंबईत हजर, आणि इकडे काढलेला उन्हाळ कांदा शेतात भिजत पडलेला. लासलगावच्या आसपासच्या पोराला हे सगळं पुस्तकात वाचायची गरज नाही, त्याला फक्त एवढं जोडून द्यायचं की हवा एक डिग्री तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि पडत नाही तेव्हा जमीन लवकर सुकते. पृथ्वी १८५०-१९०० च्या मानाने एक डिग्रीच्या वर तापलेली आहेच, आणि २०२४ हे आजवर मोजलेलं सगळ्यात गरम वर्ष ठरलं.

जिल्हा एकच असला तरी प्रत्येक तालुक्याचं दुखणं वेगळं आहे हे मात्र लक्षात ठेवा. इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस बदाबदा, सिन्नर-येवला-नांदगाव पर्जन्यछायेत, आणि थंडीत निफाडचा पारा एवढा उतरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे एकच पीपीटी घेऊन सगळ्या शाळांत फिरू नका.

म्हणजे प्रत्येक अवकाळी पाऊस क्लायमेट चेंजमुळेच ना?

असं पोरांना अजिबात शिकवू नका. गारा आधीही पडायच्या, आजोबा सांगतीलच. एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही, दहा-वीस-तीस वर्षांचा कल बघावा लागतो. पोरगं सभेत उठून "ही गारपीट ग्लोबल वॉर्मिंगमुळे" म्हणालं आणि एखाद्या म्हाताऱ्याने "७२ चा दुष्काळ मग कशामुळे रे?" विचारलं की ते तिथेच गप्प होतं. त्यापेक्षा "आमच्याकडे अशी नोंद आहे, पुढची काही वर्षं ठेवली की कळेल" हे उत्तर जास्त वजनदार आहे.

पहिलं काम कोणतं द्यायचं?

पाऊस मोजायचं. खर्च जवळजवळ शून्य, रोज पाच मिनिटं, आणि गावातल्या प्रत्येकाला त्यात रस.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, मधला भाग सरळ उभा असेल अशी, कमरेला खाच असलेली नको. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो म्हणून आत थोडे खडे टाका (वाऱ्याने पडतही नाही मग) आणि जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून ती खूण शून्य धरा. त्याच्यावर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. झालं पर्जन्यमापक. उघड्यावर ठेवा, शेजारच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातं पण तेव्हाच वाचतं. वाचलं की पाणी परत शून्यावर आणायचं आणि वहीत लिहायचं, पाऊस नसेल तरी "०" लिहायचं, रिकामी जागा सोडायची नाही. रिकामी जागा म्हणजे पाऊस पडला नाही की पोरगं उठलं नाही हे नंतर कुणालाच कळत नाही. इगतपुरीकडच्यांनी जुलैत दिवसातून दोनदा वाचा, नाहीतर बाटली भरून वाहून जाईल आणि तुम्ही लिहाल दीडशे.

आता कुणी म्हणेल की सरकारची महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत की. आहेत, पण ती महसूल मंडळाला एक, आणि एका मंडळात कितीतरी गावं. पाऊस तर शिवाराच्या एका कडेला पडतो आणि दुसऱ्या कडेला धूळ उडते. द्राक्ष-डाळिंबाचा हवामानाधारित फळपीक विमा त्या केंद्राच्या आकड्यावर ठरतो, म्हणून "आमच्याकडे पडला पण मंडळात दिसला नाही" ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते. पोरांच्या बाटलीची नोंद विमा कंपनी पुरावा म्हणून घेणार नाही, हे स्पष्ट सांगून ठेवा नाहीतर उगाच आशा लागते. पण तीन-चार गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या की केंद्र कुठे कमी पडतंय ते दिसतं, आणि नवीन केंद्र मागताना नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा ते बरं.

बाटली झाली. त्याच्या पुढे काय?

पाण्याचा ताळेबंद. आमच्या मते सगळ्या कामांत हे राजा काम आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय, वाचताना कागद-पेन घ्या.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. हे एकदा पाठ झालं की नववीचं पोरगं अख्ख्या गावाचा हिशोब मांडू शकतं. समजा पर्जन्यछायेतलं एक गाव आहे, शिवार ५०० हेक्टर, वर्षाचा पाऊस ५०० मिमी, लोकसंख्या २ हजार. आकाशातून आलं किती? २५० कोटी लिटर. ऐकायला एवढं मोठं वाटतं की पोरं म्हणतात मग दुष्काळ कसला! पण आपला खडक काळा कातळ, बसाल्ट, त्याच्यात पाणी मुरायला जागा कमी. ढोबळमानाने दहावा हिस्सा जमिनीत जातो, खडकाप्रमाणे थोडं कमी-जास्त, बाकी वाफ होतं, नाल्याने जातं, पिकं पितात. म्हणजे विहिरींना उरलं २५ कोटी. त्यातून पिण्याचं आणि घरगुती पाणी, जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला झालं ४ कोटी. उरलं २१ कोटी. आता उन्हाळ कांद्याला हंगामभर ५०० मिमी पाणी धरा, म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. भागाकार करा, बेचाळीस. पाचशे हेक्टरच्या गावात विहिरीच्या जीवावर ४२ हेक्टर कांदा बसतो, आणि त्यात गुरांचं पाणी अजून धरलेलंच नाही. आता पोरांना बांधाबांधाने फिरून मोजायला सांगा की प्रत्यक्षात कांदा किती लागलाय.

हा आकडा फळ्यावर आला की वर्गात एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी मागून म्हणतं, "म्हणून मार्चमध्ये टँकर." हे वाक्य पोरांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही आधी म्हणू नका, सगळी मजा जाते.

कॅनॉल किंवा धरणाचं पाणी येत असेल तर ते वेगळं जोडा, ठिबक असेल तर पिकाची गरज कमी धरा, हिशोब ढोबळ आहे हे पोरांना माहीत असलं पाहिजे. शेजारच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार दरवर्षी असाच ताळेबंद मांडतं, पोपटराव पवारांनी गावाला ही सवयच लावली, आणि पाणी बघून पिकं ठरतात. आपल्या दिंडोरीत वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः मोजून वाटून घेतात. पोरांना सहलीला पाण्याच्या पार्कात नेण्यापेक्षा तिथे न्या, परत येताना बसमध्ये प्रश्न वेगळे असतात.

विहिरीचं पाणी कसं मोजायचं?

दोरीला दर फुटावर गाठ, टोकाला वजन, काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते लिहायचं. सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी, नाहीतर उपशामुळे खाली गेलेली पातळी येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, तेच महिने धरले तर तुलना करता येते. दरमहा केलं तर उत्तमच. कठडा नसलेली विहीर मोजायची नाही आणि एकट्याने कधीच नाही.

झाडं लावायची नाहीत का मग?

लावा की, कोण नाही म्हणतंय. पण पहिलं काम म्हणून नको, कारण फोटो निघाला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. खड्डा जूनमध्ये खणतात, खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते. ज्या घरातलं पोरगं उन्हाळ्यात आठवड्याला एक हंडा घालू शकतं त्या घराच्या दारातच लावा. आंबा, करंज, उंबर, हिरडा, बेहडा, मोह, सादडा अशी आपली झाडं. नर्सरीत फुकट मिळतंय म्हणून परदेशी ग्लिरिसिडिया आणून टाकू नका.

आणि काही ठिकाणी झाडं लावायचीच नसतात, हे पोरांनाच काय मोठ्यांनाही पटत नाही. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत ते गवताळ माळावर जगतात, तिथे दाट झाडी केली तर त्यांचं घर गेलं. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, उघडाबोडका दिसतो, पण सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदिलासारख्या फुलाची वनस्पती त्याच डोंगराच्या नावाने जगात ओळखली जाते. पडीक दिसतंय ते पडीकच असतं असं नाही. आहेत ती जुनी झाडं मोजून त्यांची यादी करणं हे नवीन शंभर रोपांपेक्षा कधीकधी मोलाचं ठरतं. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या शेवटी नाशिक शहरात केवढं रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलंच. गावातल्या वडा-पिंपळाची यादी मात्र बहुतेक ग्रामपंचायतींकडे नसते. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावाची नोंदवही मागून बघा. मिळाली तर त्यातलं किती खरंय ते पोरांना तपासायला द्या, दोन महिन्यांचं काम मिळालं.

अठरा वर्षांखालच्यांना ग्रामसभेत बोलता येतं का? मतदान तर नाही.

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, त्यामुळे ठरावावर हात वर करता येणार नाही. पण त्याने काही अडत नाही, वाटा आहेत.

ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्यावी असं पंचायतराज मंत्रालयानेच सांगितलेलं आहे, बालस्नेही गाव ही शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे, आणि जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव याही त्यातल्याच. गावचा विकास आराखडा याच नऊ संकल्पना धरून बनतो. मग ग्रामसेवकाला विचारायचं की आपल्या गावाने यातली कोणती घेतलीय. दुसरी वाट महिला सभेची, ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते, तिथे आया असतात आणि पाण्याचा विषय त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही, पोरींनी आकडे आईला द्यायचे आणि आईने मांडायचे. पेसा भागात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे) तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तिथे माणसं कमी आणि ओळखीची असल्याने पोरं जास्त मोकळी बोलतात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा कॅलेंडरवर आधीच लाल करा. २ ऑक्टोबरला पावसाळ्याचा हिशोब तयार असतो आणि रब्बीची लागण अजून व्हायची असते, म्हणून ताळेबंद मांडायला हीच सभा. १ मेला मांडून काय उपयोग, तोवर विहीर कोरडी!

बोलायचं कसं? तीन मिनिटं, एक तक्ता, एक मागणी. कार्डशीटवर मोठ्या अक्षरात, मागच्या रांगेतल्या आजोबांना दिसेल असं. "पाणी वाचवा" ही मागणी नव्हे. "शाळेमागच्या बंधाऱ्यातला गाळ एप्रिलमध्ये काढा, आम्ही आत्ता मोजलाय, सरासरी कमरेएवढा आहे" ही मागणी.

सरपंच ऐकतच नाहीत. "तुम्ही अभ्यास करा" म्हणतात.

म्हणणारच. पहिल्या वेळी सगळ्यांना तेच ऐकावं लागतं. एका गावात पोरांनी पाण्याचा तक्ता मांडला तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "हे मास्तरांनी शिकवून पाठवलंय." एक पोरगी उठली आणि म्हणाली, "काका, तुमच्याच विहिरीच्या गाठी आहेत, ऑक्टोबरात अकरा होत्या, जानेवारीत एकोणीस, तुम्ही स्वतः दोरी धरली होती." सभेत हशा पिकला, काकाही हसले. ठराव त्या दिवशी झाला नाही, पण पुढच्या वेळी खुर्च्या मागवल्या तेव्हा पोरांसाठी पण मागवल्या.

यात युक्ती काय ते बघा, मोजणीच्या वेळीच मोठ्यांना सामील करून घ्यायचं. ज्याच्या हाताने मोजलं तो आकडा नाकारत नाही. सरपंचांना कोंडीत पकडायचं नाही, उलट सभेच्या आधी घरी जाऊन तक्ता दाखवून यायचा. पंचायतीला माझी वसुंधरा अभियानात (२०२० पासून चालू आहे, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं) गुण हवे असतात, तिथे पोरांचं काम त्यांच्याही कामी येतं. आणि पोरांनी कुठल्या गटाच्या बाजूने काम करायचं नाही. निवडणुकीच्या वर्षात वही दोन्ही बाजूंना दाखवा किंवा कुणालाच नको.

मुली येत नाहीत. काय करायचं?

तुम्ही मीटिंग किती वाजता ठेवलीय? संध्याकाळी सहाला ठेवली असेल तर त्या येणारच नाहीत, त्या वेळी पाणी, चूल, धाकटी भावंडं. शाळेच्या वेळेत किंवा शाळा सुटल्याबरोबर लगेच तिथेच घ्या. आईला आधी भेटा, बापाला नंतर. ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच चालत असेल तर ज्या पोरीच्या हातात फोनच नाही ती आपोआप बाहेर, म्हणून निरोप शाळेच्या फळ्यावर पण लिहा.

अजून एक, पोरींना वही आणि पोरांना दोरी अशी वाटणी आपोआप होते, अक्षर चांगलं म्हणे! दर महिन्याला अदलाबदल करा. त्र्यंबक-पेठकडे पाणी आणायचं काम बायका-पोरींच्या डोक्यावर आहे, झरा कधी आटतो, कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, हांडा भरायला मार्चमध्ये किती वेळ आणि मेमध्ये किती, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. तो सगळा डेटाच आहे, फक्त कुणी लिहून घेतलेला नाही. हांडा भरायचा वेळ घड्याळ लावून मोजा, विकास आराखड्यात टाकायला त्याच्यापेक्षा भक्कम आकडा दुसरा नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरला एवढा पाऊस पडतो, तिथे कसला पाण्याचा प्रश्न?

शहरातली माणसं हे हमखास विचारतात. डोंगर उताराचा, माती पातळ, खाली कातळ, पावसाचं पाणी आलं तसं गुजरातकडे नाहीतर खाली धरणात निघून जातं, आणि फेब्रुवारीनंतर पाड्यावरच्या बायका दरीत उतरतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याला नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांचे फोटो देशभर गेले, मग २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. टंचाई आणि पूर एकाच गावात, सहा महिन्यांच्या अंतराने. पोरांना हेच समजावून घ्यायला सांगा.

तिथलं काम म्हणजे झऱ्यांची यादी. कुठला झरा, कधीपर्यंत वाहतो, एक हंडा भरायला किती मिनिटं, वरच्या डोंगरावर जंगल आहे की उघडं. शिवाय नागली, वरईची जुनी बियाणी कुणाच्या घरात आहेत ती यादी, कारण ती पिकं कमी लाडात वाढतात. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (ठरलेल्या एकाच कामाला न बांधलेला) थेट मिळतो, झऱ्याभोवती दगडी बांधकाम, टाकी असली छोटी कामं त्यातून मागता येतात. द्राक्षाच्या हंगामात घरंच्या घरं दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात आणि पोरंही सोबत जातात, त्यामुळे तुमचं वेळापत्रक त्यांच्या स्थलांतराभोवती बसवा, उलट नको. दोन पोरांकडे एक काम द्या म्हणजे एक गेला तर दुसरा लिहील.

वणवा विझवायला पोरांना न्यायचं का?

नाही. स्पष्ट नाही. पोरांचं काम वणव्याच्या आधीचं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत मोठ्यांसोबत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणं, आग कुठून लागते ती ठिकाणं नकाशावर मांडणं, आणि "गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं" असं म्हणणाऱ्या चुलत्याशी शांतपणे बोलणं. आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या नंबरला फोन करायचा आणि लांब थांबायचं.

अजून धोके कोणते?

शेततळं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, कागद निसरडा असतो. तुमच्या ग्रुपने बाकी काही केलं नाही तरी गावातल्या प्रत्येक शेततळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर बांधला आहे का एवढी पाहणी कराच. आणि विजा. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप कुणाच्या तरी फोनमध्ये असू द्या, गडगडाट ऐकू आला की मोजणी बंद, झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं. बाटली नंतर वाचली तरी चालते.

दहावीचं वर्ष आहे, अभ्यास बुडेल.

रोज पाच मिनिटांनी बुडत नाही. आणि जलसुरक्षा हा विषय नववी-दहावीला आहेच, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षेचा प्रकल्प करावा लागतो, तो दरवेळी दुकानातून तयार आणण्यापेक्षा गावच्या विहिरींवर करा. शाळेत हरित सेना किंवा इको क्लब कागदावर असतोच, त्यालाच जिवंत करा, नवीन नावाचं नवीन मंडळ काढू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वही आठवी-नववीच्या पोरांकडे द्या, तसंही त्यांना शिकायचंच आहे.

रील्स बनवू द्यायच्या का?

द्या. पण आधी तीस दिवसांची नोंद, मग रील. कुणाच्या विहिरीचा, शेताचा व्हिडिओ टाकायचा तर मालकाला विचारून, आणि लहान पोरांची पूर्ण नावं नकोत.

खर्च किती? फंड कुठून आणायचा?

वही, दोरी, बाटली, कार्डशीट, पट्टी. शंभर-दोनशे रुपयांत भागतं. पैसा लवकर आला की भांडणं लवकर येतात. बंधाऱ्याचा गाळ, झऱ्याचं बांधकाम यासाठी पैसा लागतो, पण तो पोरांनी गोळा करायचा नसतो, पंचायतीच्या आराखड्यात बसवायचा असतो. वित्त आयोगाच्या निधीतला ठराविक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो, रोजगार हमीतून पाणलोटाची कामं होतात. तज्ञ लागला तर नाशिकमध्ये दिंडोरी रोडला मेरी ही पाणी-धरणांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पत्र लिहून प्रश्न विचारा. पोरांच्या सहीने विचारा, तुमच्या नको.

आपल्या गावाने असा किती धूर केलाय? आपणच का करायचं?

रास्त प्रश्न आहे आणि पोरं तो विचारतातच. भारतात माणशी होणारं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि सुरगाण्याच्या पाड्याचं तर नावही घ्यायला नको. पापाचा वाटा आपला नाही, हे खरंच आहे आणि ते पोरांना राग येईल इतकं स्पष्ट सांगा. पण गारपीट वाटा विचारून पडत नाही. म्हणून गावातलं बहुतेक काम हे बदललेल्या हवेत निभावून नेण्याचं आहे, पाणी, पीक, चारा. सोलर पंप वगैरे चांगलंच, फक्त एक गोष्ट पोरांशी बोला की दिवसा फुकटची वीज आली की मोटर बंद करायला कारणच उरत नाही, मग विहिरीचं काय? यावर पोरांचा वाद लावून द्या, तास कमी पडतो.

काही पोरं हे सगळं ऐकून घाबरतात, शेतीच नको म्हणतात.

ज्या घरात बाग गेलीय त्या घरातल्या पोराला वर्गात सगळ्यांसमोर "तुझ्याकडे किती नुकसान झालं?" विचारू नका. कर्ज, घरातली भांडणं हे सगळं त्याच्या मागे असतं. अशा पोराला एकटं गाठून बोला, गरज वाटली तर शाळेतल्या विश्वासू शिक्षकांना किंवा आरोग्य केंद्रात सांगा. आणि त्याला शेती नको असेल तर नको, भूजल, हवामान, वनखातं, सोलरची आयटीआय अशा पुष्कळ वाटा आहेत. ग्रुपमध्ये आलं म्हणून गावातच राहिलं पाहिजे अशी काही अट नाही.

बारावी झाली की पोरं पुण्या-मुंबईला जातात. मग काम बंद पडतं, त्याचं काय?

पडतं, जर वही पोराच्या घरी असेल तर. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, दर महिन्याला प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा. प्रत्येक कामाला एक मोठं आणि एक लहान अशी जोडी, सातवीतलं पोरगं नुसतं सोबत फिरलं तरी दोन वर्षांत शिकतं. बाहेर गेलेल्यांना ग्रुपमधून काढू नका, दिवाळीत घरी आले की ऑक्टोबरची विहिरींची मोजणी त्यांच्यासमोर ठेवा, मागच्या वर्षीच्या आकड्यावर वाद घालायला तेच पहिले पुढे येतात. आणि नवीन बॅच घ्यायची ती मे महिन्यात, जूनमध्ये नको. जूनमध्ये शाळेची ॲडमिशन, पेरणी, पाऊस सगळं एकदम येतं आणि पहिल्या पावसाच्या दिवशी बाटली अजून कापायचीच असते.